ॲप तयार करणाऱ्यांचे शब्द आणि शेतकऱ्याचा अभिप्राय
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



सात-बारावरील पिकाची नोंद आता मोबाईलवरून करावी लागते. त्यासाठी ॲप तयार करणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात काही इंग्रजी शब्द वारंवार येतात. त्यांचा अर्थ ठाऊक असला, तर आपली अडचण त्यांना नेमकी सांगता येते.

पहिला शब्द 'अजाईल', म्हणजे चपळ. २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात १७ संगणकतज्ज्ञांनी या विचाराचा जाहीरनामा तयार केला. पूर्वी सगळा आराखडा आधीच पक्का करून वस्तू अगदी शेवटी वापरणाऱ्याच्या हाती देत. तोवर गरजच बदललेली असे! अजाईलमध्ये थोडे करावे, वापरायला द्यावे, विचारावे आणि सुधारावे. अशा एका फेरीस 'स्प्रिंट' म्हणतात. ती महिन्याहून मोठी नसते. करावयाच्या कामांची क्रमवार यादी म्हणजे 'बॅकलॉग'.

सुरुवातीला देतात ते कामापुरते रूप, 'एमव्हीपी'. नवे वाण आपणही आधी चार ओळींत पेरून पाहतो. पण चार ओळी फसल्या तर नुकसान थोडे. पिकाची नोंद चुकली तर भरपाईच्या वेळी हेलपाटे. म्हणून अपुरे ॲप आधी मोजक्याच गावांत द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ई-पीक पाहणीचे उदाहरण घ्या. काही तालुक्यांतील प्रयोगानंतर १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. २०२२ च्या खरिपात सुधारित आवृत्ती आली. तीत चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची आणि मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके नोंदविण्याची सोय झाली. तुरीत मूग, उडीद घेणाऱ्यास तिचे मोल सांगावयास नको.

आता सर्वांत उपयोगी शब्द, 'यूजर स्टोरी'. मी कोण, मला काय हवे आणि कशासाठी, एवढेच तीत असते. 'ॲप कामाचे नाही' हा झाला संताप. 'मी द्राक्ष बागायतदार. पावसाचा अंदाज सकाळी सहाच्या आत मिळावा, म्हणजे फवारणी थांबविता येईल' ही झाली यूजर स्टोरी. ती थेट बॅकलॉगमध्ये लिहिता येते.

ॲप मध्येच अडले तर 'फीडबॅक', म्हणजे अभिप्राय, देताना मोबाईलचा प्रकार, ॲपची आवृत्ती, तारीख, वेळ आणि शेवटी कोणते बटण दाबले ते कळवावे. पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो जोडावा. एकाच गावातून दहा जणांनी तीच अडचण मांडली, तर ती यादीत वर सरकण्याचा संभव वाढतो. तेव्हा आधी चावडीवर आपसांत बोलून घ्यावे आणि मगच कळवावे.