आबाळ झालेला अजगर



आज मी एका सापाविषयी बोलणार आहे, आणि तोही आपल्या डोंगरातला नव्हे. त्याचे नाव बॉल पायथन. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला हा एक लहान अजगर. घाना, टोगो, बेनिन हे त्याचे मुलूख. पूर्ण वाढला तरी लांबी ३ ते ५ फूट. विष मुळीच नाही. भ्याला म्हणजे डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करून बसतो, त्यावरून त्याला हे नाव पडले.

हरसूलला या परदेशी पाहुण्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. हा साप आज मुंबई-पुण्याच्या हौशी घरांतून पाळला जातो. २०२३ च्या डिसेंबरात मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत दडवलेले असे ९ बॉल पायथन सापडले. हौस विकत घेता येते. पण हा प्राणी नीट ठेवला तर २० ते ३० वर्षे जगतो, आणि माणसाची हौस काही तितकी जगत नाही. मग काचेची पेटी अडगळीत जाते आणि सापाची आबाळ सुरू होते. आपल्या गावची मुले शहरात नोकरीला जातात. अशी पेटी उद्या त्यांच्यापैकी कोणाच्या हाती आली, तर काय करावे हे त्यांना ठाऊक असावे.

गाय उपाशी राहिली तर हंबरते, कुत्रे केकाटते. सापाला ओरडणे नाही. तो महिनोन्‌महिने उपाशी राहून त्याच जागी पडून असतो, आणि मालक म्हणतो, ‘किती शांत जनावर!’ म्हणून त्याचे दुःख कानांनी नव्हे, डोळ्यांनी ओळखावे लागते. पाठीचा कणा धारेसारखा वर आला आहे काय? कातडीला सुरकुत्या पडल्या आहेत काय? कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटून राहिली आहे काय? खवल्यांच्या फटींत बारीक काळे किडे फिरताना दिसतात काय? तोंड उघडे टाकून, घरघर आवाज करीत तो श्वास घेतो काय? यांपैकी एक खूण दिसली तरी त्याची आबाळ झाली, असे समजावे.

असा प्राणी पाहिला की आपल्या मनात पहिला विचार येतो तो खाऊ घालण्याचा. नेमकी येथेच दया घातक ठरते. आपल्या अंगात ऊब तयार होते. सापाच्या अंगात ती होत नाही. त्याला ती बाहेरून घ्यावी लागते, आणि त्याचे पचन त्या उबेवर चालते. गारठलेल्या सापाला उंदीर दिला तर तो पोटात पचत नाही, सडतो. साप ओकतो आणि आहे ती शक्तीही गमावतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर छळछावण्यांतून सुटलेली उपाशी माणसे एकदम पोटभर जेवल्याने दगावली, हा इतिहास आहे. आपल्या घरी लांबलेले आजारपण उठले की पहिल्या दिवशी नागलीची पेज देतात, पुरणपोळी नव्हे. तोच न्याय येथे लावावयाचा. आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न.

ऊब कशी द्यावी? पेटीचा एक भाग ३२ अंशांच्या आसपास आणि दुसरा २६ च्या आसपास असावा, म्हणजे साप हवे तिकडे सरकेल. नाशिक जिल्ह्यात थंडीत पारा १० च्या खाली उतरतो. तेव्हा उष्णता देणारी विजेची गादी व तिच्यावर ताबा ठेवणारा थर्मोस्टॅट लागतोच. उघडा दिवा पेटीत ठेवू नये. साप त्याला बिलगतो आणि भाजतो. दोन्ही बाजूंना लपावयास एकेक जागा द्यावी. बाजूला भोक पाडलेले पालथे मडके पुरते. खाली वर्तमानपत्राचा कागद घालावा, म्हणजे किडे व घाण चटकन दिसते.

पाण्याचे जड भांडे सदैव भरलेले असावे, आणि हवेत ५५ ते ६५ टक्के ओलावा राहावा. कात अडकली असेल तर उथळ कोमट पाण्यात, आपल्या नजरेखाली, १५-२० मिनिटे साप ठेवावा. कात नखांनी ओढू नये, आणि डोळ्यांवरची तर कदापि नाही.

आठवडाभर ऊब आणि पाणी मिळाल्यावर मगच अन्न द्यावे. पहिला घास म्हणजे अगदी लहान, मेलेला उंदीर. जिवंत उंदीर अशक्त सापालाच कुरतडतो. पुढे १०-१४ दिवसांनी एकेक देत जावे आणि भक्ष्य हळूहळू वाढवीत सापाच्या जाडीइतके करावे. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नये. वजन वहीत टिपावे. घरघर, तोंडातला पू किंवा जखम दिसली तर घरगुती उपाय न करता पशुवैद्य गाठावा.

आता दुधाविषयी. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो, असे आपण पाहतो. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्याला पचतही नाही. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला तो जीव समोरचे ओले तोंडी लावतो, इतकेच. आपण तिला भक्ती समजतो. ती त्याची तहान असते.

कायद्याचेही एक सांगावयाचे. आपल्या रानातला अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा होय. तो घरात-शेतात आढळला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्याची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. आणि कंटाळा आला म्हणून त्याला आपल्या डोंगरात सोडणे ही सुटका नव्हे. येथली थंडी त्याला मारील; जगलाच तर परका रोग इथल्या सापांना देईल.

ज्याला हाक मारता येत नाही त्याची हाक ऐकणे, हे पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य. ते पेलणार नसेल तर साप घरी आणूच नये. आणि दुसऱ्याने टाकलेला जीव दारी आलाच, तर ताटाकडे धावण्याआधी त्याचे अंग गार आहे की उबदार, एवढे हात लावून पाहावे.