पुढाऱ्याचे आत्मपरीक्षण



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "आत्मपरीक्षण हे साधकाचे काम. पुढाऱ्याने चार माणसांना पुढे न्यायचे असते. डोळे मिटून बसणाऱ्याला वाट कशी दिसणार?" शंका रास्त आहे. तिला तत्त्वज्ञानाच्या पोथीतून उत्तर देण्यापेक्षा आम्ही आधी घरची गोष्ट सांगतो.

काही वर्षे आम्ही एका लहानशा वाचनालयाचे अध्यक्षपद सांभाळीत होतो. पहिल्या वर्षी सभेला खोली भरत असे. तिसऱ्या वर्षी गणसंख्येसाठी घड्याळाकडे पाहत बसण्याची पाळी आली. लोकांना सार्वजनिक कामाची आस्था उरली नाही, असा आमचा निकाल तयार होता. एके संध्याकाळी सभा तहकूब झाल्यावर दिवे मालवता मालवता तेथील वृद्ध शिपाई म्हणाले, "साहेब, माणसं येत नाहीत असं तुम्ही म्हणता. पण आली, तर त्यांनी बोलायचं केव्हा?" आम्हांला राग आला. घरी येऊन रागानेच इतिवृत्ताची वही उघडली, आणि पाने उलटू लागलो. ठराव मांडणारे आम्ही, खुलासा करणारे आम्ही, समारोप करणारेही आम्ही! अंगण वाकडे नव्हते. नाचणाऱ्याचेच पाऊल वाकडे पडत होते. त्या वहीत तीन वर्षे आमचे चित्र उमटत होते, आणि ते आम्हीच पाहिले नव्हते.

वाचनालयातील चुकीने फार तर खुर्च्या रिकाम्या राहतात. ज्याच्या शब्दावर लक्षावधी माणसे घराबाहेर पडतात, त्याची चूक केवढी पडत असेल! म्हणून आपण गांधीजींच्या आयुष्यातील तीन प्रसंग एकापुढे एक ठेवून पाहू.

पहिला प्रसंग 1919 सालचा. रौलट कायद्याविरुद्ध 6 एप्रिलला देशभर हरताळ झाला. त्यानंतर दिल्लीच्या वाटेवर पलवल येथे गांधीजींना अडवून मुंबईस परत आणण्यात आले. त्यांच्या अटकेची वार्ता पसरताच अहमदाबादेत दंगल उसळली, इमारती जळाल्या, माणसे मेली. नडियादजवळ आगगाडीचे रूळ उखडण्याचा प्रयत्न झाला. त्याच दिवसांत, 13 एप्रिलला, अमृतसरला जालियनवाला बागेत सरकारने निःशस्त्र लोकांची कत्तल केली. सरकारच्या पापाचे माप असे भरलेले असताना आपल्या चुकीविषयी मौन पाळणे कोणाही पुढाऱ्याला सहज शक्य होते. गांधीजींनी ते पाळले नाही. त्यांनी तीन दिवसांचा उपवास केला, आणि नडियादच्या जाहीर सभेत आपल्या हातून हिमालयाएवढी चूक घडल्याचे सांगितले. 18 एप्रिलला त्यांनी सत्याग्रह तहकूब केला.

ती चूक कोणती, हे पाहण्यासारखे आहे. लोक बिघडले, असे ते म्हणाले नाहीत. जे लोक कायदा समजून-उमजून पाळायला शिकलेले नाहीत, त्यांना कायदेभंगाची हाक देण्याची घाई आपण केली, असे ते म्हणाले. दोष त्यांनी अनुयायांच्या वर्तनात शोधण्याआधी स्वतःच्या निर्णयात शोधला. या कबुलीबद्दल त्यांची थट्टाही पुष्कळ झाली.

परंतु, श्रोतेहो, एकदा चूक उमगली म्हणजे माणूस तिच्यातून मोकळा झाला, असे होत नसते. मुंबईस परतून त्यांनी सत्याग्रहाचे शिक्षण देण्यासाठी स्वयंसेवकांचे पथक उभारले. पण नवे येणारे दिवसेंदिवस कमीच होत गेले. पुढे असहकाराची चळवळ वाऱ्यासारखी पसरली. 4 फेब्रुवारी 1922 रोजी गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौरा येथे पोलिसांच्या गोळीबारानंतर खवळलेल्या जमावाने ठाणे पेटवले, आणि वीसहून अधिक पोलीस प्राणास मुकले. बारडोलीचा नियोजित कायदेभंग गांधीजींनी थांबवला आणि पाच दिवसांचा उपवास केला.

येथे आक्षेपकाची बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. तुरुंगात असलेले मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय आणि तरुण जवाहरलाल हे या निर्णयाने व्यथित झाले. एका दूरच्या खेड्यातील जमावाच्या अपराधासाठी सबंध देशाने का थांबावे? हजारोंनी तुरुंग पत्करला, त्यांच्या त्यागाचा हिशेब कोणी करायचा? एका माणसाच्या मनाची टोचणी सर्वांवर का लादावी? या प्रश्नांना सोपे उत्तर नाही. पुढाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी त्याची एकट्याची असते, पण तिची किंमत पुष्कळांना मोजावी लागते. आत्मपरीक्षणाचा गोडवा गाणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

एवढे मात्र खरे की, गांधीजींनी स्वतःच्या वाट्याची किंमत टाळली नाही. 18 मार्च 1922 रोजी अहमदाबादेत खटला चालला, तेव्हा त्यांनी गुन्हा कबूल केला आणि चौरीचौऱ्याची जबाबदारीही आपल्या शिरावर घेतली. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी लोकमान्यांच्या 1908 च्या खटल्याचा उल्लेख करून त्यांच्याइतकीच, सहा वर्षांची, शिक्षा सांगितली. त्या शिक्षेतील बराच काळ त्यांनी आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात काढला.

आता तिसरा प्रसंग. 12 मार्च 1930 रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले. या वेळी त्यांनी प्रथमच साऱ्या देशाला हाक दिली नाही. आश्रमाची शिस्त अंगी बाणलेली 78 माणसे सोबत घेतली, सुमारे 385 किलोमीटर चालले, आणि 6 एप्रिलला मिठाचा कायदा मोडल्यावर इतरांसाठी वाट मोकळी झाली. शिवाय, कोठे तुरळक हिंसा घडली तरी या खेपेस लढा आवरता घ्यायचा नाही, हेही त्यांनी आधीच ठरवले होते. आमच्या मते 1919 ची कबुली आणि 1922 चा आक्षेप ही दोन्ही या योजनेत मुरलेली दिसतात. आधी तयारी, मग हाक, हा पहिला धडा. आणि आपल्या मनाच्या शुद्धीसाठी सर्वांचा त्याग अधांतरी सोडू नये, हा दुसरा. त्याला अकरा वर्षे लागली.

म्हणून आमच्या स्नेह्यांना आमचे उत्तर असे: आत्मपरीक्षण म्हणजे डोळे मिटणे नव्हे. आपल्यामागून येणाऱ्यांच्या पायांना काटे का बोचतात, हे पाहण्यासाठी आपण काढलेल्या वाटेकडे वळून पाहणे, हे आत्मपरीक्षण. उपवास, मौन, रोजनिशी ही त्याची साधने झाली. त्याची कसोटी एकच आहे: पुढच्या वेळी आपले वागणे बदलले काय? न बदलले, तर उरलेला पश्चात्ताप हाही एक प्रकारचा अहंकारच होय.

पुढारी म्हटले की आपली नजर व्यासपीठाकडे जाते. पण वर्गातील शिक्षक, सोसायटीचा चिटणीस, घरातील कर्ती बाई, हे सारे आपापल्या जागी पुढारीच आहेत. प्रत्येकाजवळ एक इतिवृत्ताची वही असते, आणि ती उघडा म्हणून सुचवणारा कोणी ना कोणी भेटतो. त्याच्यावर राग येईल, येऊ द्यावा. पण वही उघडावी.

त्या वाचनालयात पुढल्या सभेपासून आम्ही शेवटी बोलण्याचा नियम स्वतःला घालून घेतला. खोली लगेच भरली नाही. पण त्या वर्षी प्रथमच एक ठराव आमच्या विरोधात मंजूर झाला, आणि तो योग्य होता, हे आज आम्ही आनंदाने कबूल करतो.