राखणदाराची शपथ

मंडळी, पुष्कळ जण आम्हांला विचारतात, "गुरुजी, सरकार म्हणजे मायबाप. त्याला अडवणार कोण?" आम्ही सांगतो, राज्यघटना.

२६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. त्याच दिवशी डॉ. राजेंद्रप्रसादांनी पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. राष्ट्रपतींची जागा देशात सर्वांत मोठी. पण तिथे बसण्याआधी सरन्यायाधीशांसमोर बोलावे लागते की, मी घटनेचे व कायद्याचे रक्षण करीन आणि लोकांच्या सेवेला वाहून घेईन. मंत्री शपथ घेतात ती घटनेशी इमान राखण्याची. राष्ट्रपतींची शपथ राखणीची. आता राखणदारच कणसे मोडू लागला तर? त्याचीही सोय आहे. घटना मोडल्याबद्दल संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सभासदांपैकी निदान दोन-तृतीयांशांनी ठराव केला, तर राष्ट्रपतींनाही घरी जावे लागते. अशी वेळ अजून आलेली नाही.

हे झाले दिल्लीचे. आपल्या गावात याचा उपयोग काय? समजा, पोलिसांनी कुणाला धरून नेले. का धरले, ते त्याला सांगावेच लागते. वकील गाठू द्यावा लागतो. वाटेचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. गुन्हा होण्याआधीच स्थानबद्ध करण्याचा कायदा निराळा. त्यात ही चोवीस तासांची अट नाही. आम्हांला ते खटकते, पण तेही घटनेतच लिहिले आहे.

एरवी मात्र तास मोजायचे. माणसाला कधी नेले, ती तारीख आणि वेळ घरच्यांनी लगेच कागदावर लिहून ठेवावी.