नाव, दाम आणि अधिकार

वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव. १९३० साली पुसदच्या जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला. त्यांचे नाव इतिहासात राहिले. विळा घेऊन मागे निघालेल्या सामान्यांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत?

मुक्त संगणकप्रणालीच्या चळवळीने ही उणीव काही अंशी भरून काढली. १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्समध्ये आता प्रत्येक दुरुस्तीसोबत ती करणाऱ्याचे नाव नोंदले जाते. परंतु नुसत्या नावावर चूल पेटत नाही. जगातील असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार 'ओपनएसएसएल' या प्रणालीवर विसंबून होते. तिला देणग्या मिळत वर्षाकाठी अवघ्या दोन हजार डॉलरच्या आसपास! २०१४ साली तिच्यातील 'हार्टब्लीड' हा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा कुठे बड्या कंपन्यांनी थैली सैल केली.

बोध स्पष्ट आहे. देणगी आणि श्रम यांची नोंद एकाच वहीत, नावानिशी व्हावी. फळे चाखणाऱ्यांनी झाडाला पाणीही घालावे. मात्र देणगीदाराला मान मिळाला तरी निर्णयाचा अधिकार विकत मिळता कामा नये. तो श्रमणाऱ्यांचाच राहिला पाहिजे.