अडीच मिलिमीटरच्या आत



ज्या शाळेत मी एकवीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो, तेथेच आज व्याख्याता म्हणून उभे राहताना मनात संकोच आहे. गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे आणि गुरुजींना लांबलचक भाषणांचे मुळीच प्रेम नव्हते. निमंत्रणपत्रात ‘पर्यावरण आणि विद्यार्थी’ असा विषय सुचविला होता. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मुख्याध्यापकांची अनुमती घेऊन मी तो बराच लहान केला आहे. मी एका पावसाविषयी बोलणार आहे. तो पाऊसही मोठा नव्हता. डिसेंबरात पडला, रस्ते ओले करून गेला आणि आज तो कोणाच्या ध्यानात असण्याचे कारण नाही.

परंतु त्याआधी आपल्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आला कसा, ते सांगितले पाहिजे.

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये तापीने सुरत शहर बुडविले. उकाई धरणातून नऊ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. आपले कडोदरा नदीपासून दूर, चौकडीवर वसलेले. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणांचे सगेसोयरे लिंबायत, उधना या भागांत राहणारे. त्या आठवड्यात या शाळेच्या खोल्यांतून त्यांची अंथरुणे पसरली होती. तेव्हा एका पालकांनी गुरुजींना विचारले, “इथं तर एवढा पाऊस झाला नाही, मग एवढं पाणी आलं कुठून?”

गुरुजींनी भूगोलाच्या तासाचा नकाशा आणून भिंतीवर टांगला. तापी उगम पावते मध्य प्रदेशात, मुलताईला. ती बऱ्हाणपुरावरून, भुसावळजवळून, प्रकाशाच्या घाटावरून उकाईच्या जलाशयात येते. वाटेत पूर्णा, गिरणा, बोरी, पांझरा तिला मिळतात. म्हणजे, सभ्य गृहस्थहो, जो खानदेश सोडून आपण पोटासाठी येथे आलो, त्या खानदेशातला पाऊस आपल्या मागोमाग सुरतेला येतो. गावाकडे पडलेले पाणी दोन-चार दिवसांनी आपल्या दाराशी उभे राहते. नकाशावरून बोट फिरविताना गुरुजी हे बोलले, त्या वेळी खोलीत कोणी हूं की चूं केले नाही.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी पदरच्या पैशांनी मापक घेतला. उपकरण अगदी साधे : एक नरसाळे, त्याखाली पाणी साठविण्याचे भांडे आणि मोजण्यासाठी रेघा आखलेली काचेची नळी. नरसाळ्याची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच असावी, आसपास झाड किंवा भिंत नसावी आणि सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजावे, एवढेच नियम. साडेआठची वेळ आपल्या हवामान खात्याची आहे. मागील चोवीस तासांचा पाऊस मोजला त्या दिवसाच्या तारखेखाली लिहायचा, ही गोष्ट मुलांना पटविण्यास मात्र दोन पावसाळे लागले. “काल पडला, तर कालच लिहायचा ना सर?” हा प्रश्न दरवर्षी नव्याने येई.

या यंत्राच्या नावामागे एक कथा आहे. सायमन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८६० साली हौशी माणसांकडून पावसाचे आकडे गोळा करण्यास आरंभ केला. पहिल्या वर्षी दीडशेच्या वर निरीक्षक मिळाले. १९०० साली तो निवर्तला तेव्हा त्यांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली होती. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, घरगृहस्थीत असलेल्या स्त्रिया, असे सर्व प्रकारचे लोक त्यांत होते. आपल्याकडेही ही परंपरा अगदीच परकी नाही. टिळकांना गणित शिकविणारे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षणे घेत असत. केरूनानांचे नाव आपण ज्योतिष आणि गणित यांच्यासाठी घेतो. त्यांनी उमेदीची वर्षे उपकरणांवरील आकडे वाचण्यात घालविली, हे सहसा कोणी सांगत नाही.

एक मापक पुरत नाही, हे गुरुजींनी आरंभीच ओळखले होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पाऊणशेसुद्धा झाला नाही. एकाच शहरातील ही दोन टोके. कुलाब्याचाच आकडा पाहणाऱ्याला त्या दिवशी मुंबई बुडाली हे कळलेही नसते. म्हणून त्यांनी मुलांकडून सरळ अंगाच्या बाटल्यांचे तोंड कापून, तेच उलटे बसवून, पट्टी चिकटवून मापक तयार करविले आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांबरोबर ते मामा-काकांकडे धाडले. सकाळी नऊपर्यंत दूरध्वनी येत. दारातल्या फळ्यावर नदीच्या क्रमाने गावे लिहिलेली असत : वर भुसावळकडची, मग अमळनेर, शिरपूर, शहादा, नंदुरबार, नवापूर आणि अगदी तळाला कडोदरा. तो फळा पाहण्यास पालकही थांबत. कोणी आकडे वाचून “आमच्याकडं पेरणी झाली म्हणायची” असे पुटपुटत कामाच्या पाळीला निघून जाई.

आता एक कबुली देतो. ती याच व्यासपीठावर देणे योग्य.

गुरुजी निवृत्त झाल्यावर वही माझ्याकडे आली, तरी ते रोज सकाळी येतच असत. एका दिवाळीच्या सुट्टीत ते आजारी होते आणि मी धुळे जिल्ह्यातील माझ्या गावी गेलो. परत आल्यावर पाहिले तर पाच दिवसांच्या ओळी कोऱ्या. दिवाळीत कसला पाऊस, असा विचार करून मी पाच शून्ये लिहिली आणि वही मिटली. दोन दिवसांनी गुरुजी आले. शेजारच्या बाईंचे वाळत घातलेले कपडे एका रात्री भिजले होते, हे त्यांच्या कानांवर आले होते. ते काही बोलले नाहीत. मला घेऊन मापकाकडे गेले आणि त्यांनी नरसाळे उचलले. भांड्याच्या तळाशी पाणी होते.

ते म्हणाले, “शून्य हेही निरीक्षण असतं. न पाहता लिहिलेलं शून्य म्हणजे खोटी साक्ष.” मग त्यांनी पेन माझ्या हातात दिले. मी पाचही शून्यांवर रेघ मारली आणि शेजारी ‘पाहिले नाही’ असे लिहून सही केली. साचलेले पाणी मोजून, ते किती दिवसांचे याचा उल्लेख करून, निराळे नोंदविले. ते पान वहीत आहे. विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला, गणित-विज्ञान शिकविणारा माणूस होतो.

आता त्या डिसेंबरच्या पावसाकडे वळतो.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेर श्रीलंकेजवळ एक वादळ उठले. बांगलादेशाने सुचविलेले त्याचे नाव होते ओखी, म्हणजे आपला ‘अक्षि’, डोळा. कन्याकुमारी, केरळ, लक्षद्वीप या भागांत त्याने अनर्थ केला. अनेक कोळी बांधव समुद्रावरून परतले नाहीत. मग ते अरबी समुद्रातून वर सरकत सुरतेच्या रोखाने येऊ लागले. ५ डिसेंबरला आपल्याकडे दिवसभर आभाळ गच्च होते. गार वारा सुटला होता आणि गुजरात विधानसभेच्या निवडणुकीच्या सभा रद्द झाल्याच्या वार्ता येत होत्या. पण समुद्रातच वादळाचा जोर ओसरला आणि ६ डिसेंबरच्या पहाटे ते निव्वळ कमी दाबाच्या क्षेत्राच्या रूपाने किनाऱ्याला लागले. आपल्या वाट्यास आली ती रिमझिम.

सहा तारखेला सकाळी मुले साडेआठच्या आधीच मापकाभोवती जमली. वादळाचा पाऊस म्हणजे काही अद्‌भुत असणार, अशी त्यांची समजूत. आठवीतल्या एका मुलीने पाणी नळीत ओतले आणि आकडा सांगितला : २.४.

हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे २.५ मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ गणला जातो. ही रेघ जुन्या इंचाच्या दशांशावरून आली आहे. मुलांना हे ठाऊक होते. डिसेंबरातला पावसाचा दिवस आपल्या वहीत यावा, तोही चक्रीवादळाचा, हा मोह केवढा! “सर, अडीच लिहा ना. वाऱ्यानं काही थेंब बाहेर गेलेच असतील.” दुसरा म्हणाला, “मी पाहिलं, अडीचच्या वरच आहे.” त्याचेही सर्वस्वी खोटे नव्हते. तो उभ्याने, वरून पाहत होता. नळीतल्या पाण्याची कड काचेलगत चढते आणि मधला भाग खोल असतो. वाचायचा तो खोल भाग, डोळा त्याच्या पातळीवर आणून. डोळा वर राहिला की आकडा फुगतो. आणि खरे सांगायचे तर, पूर्वी पाच शून्यांची शिक्षा भोगलेला मीसुद्धा मनात म्हणालो, एका दशांशाने काय बिघडणार आहे?

गुरुजींनी नळी पायरीवर ठेवली आणि प्रत्येकाला गुडघे टेकून पाहावयास लावले. एकेक करून चौदा मुले ओल्या मातीत बसली. चौदाही जणांनी २.४ सांगितले.

आमच्या वहीत २०१७ च्या डिसेंबरात पावसाचा एकही दिवस नाही. पाऊस मात्र आहे.

त्याच सकाळी गावाकडचे आकडे आले. कोठे नुसते आभाळ होते. एका काकांनी ‘थेंब पडले, मोजता आले नाहीत’ असे कळविले आणि आम्ही तसेच लिहिले. एका गावाची ओळ ‘पाहिले नाही’ अशी राहिली, कारण तेथले मामा कापसाला पाऊस लागू नये म्हणून पहाटेच शेतात धावले होते.

हा पाऊस क्षुल्लक होता काय? एक मि.मी. म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा २.४ मि.मी. म्हणजे एका हेक्टरवर चोवीस हजार लिटर पाणी. ते दिवस ऊसतोडीचे. बारडोली-चलथाणच्या पट्ट्यात खानदेशातून आणि डांगातून आलेली तोडकऱ्यांची बिऱ्हाडे उघड्या रानात कोप्या टाकून राहिलेली. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे आईवडील त्यांत होते. त्याने सांगितले, चूल भिजली, सरपण भिजले, रात्री कोणी जेवले नाही. सुरतेचा पोंक, म्हणजे आपला हुरडा, त्याच्या ज्वारीलाही या दिवसांत पाऊस नको असतो. भिजलेल्या चुलीला अडीचची रेघ ठाऊक नसते. गुरुजींनी वहीच्या शेरा रकान्यात त्या मुलाचे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले : ‘कोपीत चूल पेटली नाही.’ हवामानशास्त्राच्या दृष्टीने हे कितपत नियमाला धरून आहे, हे मी सांगू शकत नाही. मला मात्र त्या वहीतील ती सर्वांत मोलाची नोंद वाटते.

पुढे एका हिवाळ्यात गुरुजींना अमेरिकेहून पत्र आले. या शाळेची एक माजी विद्यार्थिनी कोलोरॅडो राज्यात राहते. तेथील फोर्ट कॉलिन्स या गावी २८ जुलै १९९७ रोजी महापूर आला. गावाच्या एका अंगाला दहा इंचांहून अधिक पाऊस, दुसऱ्या अंगाला दोन इंचही नाही. म्हणजे आपल्या सांताक्रूझ-कुलाब्याचीच कथा. त्यानंतर १९९८ साली तेथील विद्यापीठाच्या हवामानतज्ज्ञांनी शाळकरी मुलांना हाताशी धरून घरोघरी मापक बसविण्यास प्रारंभ केला आणि पुढे ते जाळे देशभर पसरले. ही आपली मुलगी त्यात सामील झाली होती. नोव्हेंबरातील पहिला, हलकासा हिमवर्षाव तिने कसा मोजला, ते तिने लिहिले होते. पांढरा रंग दिलेली फळी अंगणात ठेवायची, कारण गवतावर हिम पोकळ बसते आणि पट्टी फसते. फळीवर पट्टी उभी धरून दशांश इंचापर्यंत जाडी वाचायची. मग मापकात पडलेले हिम घरात आणायचे, त्यात मोजून कोमट पाणी घालायचे, वितळले की सगळे मोजायचे आणि घातलेले पाणी वजा करायचे. तिला हिम मिळाले सात दशांश इंच. त्याचे पाणी झाले एक इंचाचा विसावा भाग.

गुरुजींनी ते पत्र आठवीच्या वर्गात वाचून दाखविले. हिम कधीही न पाहिलेल्या त्या मुलांना पांढऱ्या फळीचे फार नवल वाटले. एकाने विचारले, “सर, पाणी वजा करायला ती विसरली तर?” गुरुजी खळखळून हसले. तो प्रश्न त्यांनी उत्तरी पत्रात तिला कळविलाही.

आज प्रत्येकाच्या हातातील दूरध्वनी उद्याच्या पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतो. उपग्रह आहेत, रडार आहेत. त्यांची निंदा मी करणार नाही, ओखीची वर्दी त्यांनीच दिली. परंतु पाऊस प्रत्यक्षात किती पडला, हे ताडून पाहण्यासाठी त्यांनाही जमिनीवरच्या भांड्याकडेच यावे लागते.

आता एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. सकाळी मी मापक पाहून आलो. त्याच्या पश्चिमेचा कडुलिंब इतका वाढला आहे की त्याची फांदी नरसाळ्यावर आली आहे. एवढ्यात मोजलेला पाऊस त्यामुळे कमी भरला असण्याचा संभव आहे. मुख्याध्यापकांनी मैदानाचा ईशान्य कोपरा दाखविला आहे. झाडाच्या उंचीच्या दुपटीहून अधिक अंतर तेथे मिळते. उद्याचे माप जुन्याच जागी घ्यावे आणि मग मापक हलवावा. हलविल्याची तारीख, नवी जागा आणि फांदीची हकीगत वहीत लाल शाईने लिहावी. खाली ज्याने मापक हलविला त्याची सही हवी.