पहिल्या फेरीचा वेग



शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मास्तराने धंद्याविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी स्वतः कधी दुकान चालवलेले नाही. परंतु मुलांना लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे आणि धंद्यात पडलेले माझे विद्यार्थीही मी पाहत असतो. दोन्हीकडे दमछाक एकाच ठिकाणी होते.

दोनशे मीटरच्या आखणीवर पंधराशे मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या. नवशिका मुलगा पहिली फेरी अशी मारतो की सारे मैदान टाळ्या वाजवते. चौथ्या फेरीला तोच कमरेवर हात ठेवून चालू लागतो. ज्याच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते तो सहाव्या फेरीत पुढे निघतो. दुकानाचेही तसेच. उद्घाटनाला मंडप, काचेची कपाटे, दिव्यांची पाटी; आणि सहा महिन्यांनी माल भरायला पैसा नाही.

याउलट एक उदाहरण अमेरिकेतील आहे. फिल नाइट हा ओरेगन विद्यापीठाच्या संघातला धावपटू. मध्यम पल्ल्याच्या शर्यती धावे; संघात सर्वांत वेगवान मात्र तो नव्हता. पुढे व्यवसायाचे उच्च शिक्षण घेताना त्याने एक निबंध लिहिला: जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांना मागे टाकले, तसे जपानी बुटांना जमेल काय? आपल्या मुलांनी लक्षात घ्यावे, धंद्याची कल्पना वर्गातल्या अभ्यासातून निघाली. १९६४ मध्ये त्याने व त्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून भागीदारी केली. दुकान नाही, पाटी नाही. शर्यती भरत तेथे मोटार उभी करायची आणि डिकीतून बूट विकायचे. पहिल्या वर्षी विक्री सुमारे ८,००० डॉलरची झाली.

हा मनुष्य त्या काळात जेवत कशावर होता? हिशोबनीसाची नोकरी करीत होता, पुढे कॉलेजात हिशोबशास्त्र शिकवीत होता. १९६९ पर्यंत, म्हणजे पाच वर्षे, त्याने घराचा भार धंद्यावर टाकला नाही. आपल्याकडे दुकान उघडल्याच्या पहिल्या महिन्यापासून घरखर्च, बहिणीचे लग्न, पाहुणे, सारे गल्ल्यातून. ते पोर दुकान धावणार किती?

बॉवरमन गुरुजींची गोष्ट तर मला फारच आवडते. ते बूट उसवून, कापून पुन्हा शिवत. जोडाचे वजन एक औंसाने, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमने घटले तर मैलभरात पायांना किती ओझे कमी उचलावे लागेल याचा ते हिशोब मांडत. अठ्ठावीस ग्रॅम म्हणजे काय, कोणी हसेलही. पण पाय प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. एकदाच होणारा मोठा खर्च माणूस विचार करून करतो. रोजचा लहान खर्च, जादा भाडे, नको असलेला नोकर, हप्ता, तो प्रत्येक पावलाला उचलावा लागतो आणि दिसत नाही.

१९६५ मध्ये त्यांनी जेफ जॉन्सन या धावपटूला नोकरीस घेतले. तो गिऱ्हाइकांची कार्डे ठेवी: बुटाचे माप, आवड, तक्रार. पत्रेही लिही. आपल्या किती दुकानदारांना नेहमीच्या गिऱ्हाइकाचे नाव ठाऊक असते?

१९७१ मध्ये या धंद्याच्या बुटांना ‘नायकी’ हे नाव मिळाले. या कंपनीवर १९९०च्या दशकात आशियातील कारखान्यांतील मजुरांच्या हालांवरून कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. मी तिच्या मोठेपणाचे गोडवे गाण्यासाठी उभा नाही. सुरुवातीची चाल तेवढी दाखवतो आहे.

आणि त्या चालीतही दम लागलाच. विक्री वाढत होती, पण आलेला प्रत्येक पैसा पुढच्या मालात अडकलेला, हाती रोकड नाही. १९७५ मध्ये बँकेने खाते बंद केले. एका जपानी व्यापारी कंपनीने बँकेचे देणे भागवले म्हणून धंदा टिकला. म्हणजे शर्यतीची उपमा येथे अपुरी पडते. धावणारा स्वतःच्या दमावर धावतो, व्यापारी पुष्कळदा दुसऱ्याच्या. विक्री वाढते म्हणून वेग वाढवायचा की हातातली रोकड पाहून, हे मैदान शिकवीत नाही. ते वहीच शिकवते.

म्हणून पालकांना एक विनंती. यंदा कोणी मुलाला दुकान काढून देणार असाल तर पाटी रंगवण्यापूर्वी शंभर पानी वही घ्या. गल्ल्याला हात न लावता घर किती महिने चालेल, हे पहिल्या पानावर लिहा. दुसऱ्या पानावर रोजचे खर्च, चहासुद्धा. मुलाचे शिक्षण मध्येच तोडू नका. हा हिशोब त्यालाच मांडू द्या. आकडे जुळले नाहीत तर रविवारी सकाळी मी शाळेच्या मैदानावर असतो. मुलाला आणि वहीला घेऊन या, बसून पाहू.