मंदावलेला संगणक

संगणकाचें बटन दाबावें, स्वयंपाकघरांत जाऊन चहाचें आधण ठेवावें, चहा गाळून पेला हातांत घेऊन परत यावें, आणि तरीहि पडद्यावरचें वर्तुळ फिरतच असावें, हा अनुभव आज पुष्कळ घरांतून येतो. दहा-बारा वर्षांपूर्वीं हौसेनें घेतलेलें तें यंत्र तेव्हां किती चपळ होतें याची आठवण घरांतील सर्वांस असते. शेवटीं तरुण मंडळी निकाल देतात कीं, आतां हें भंगारांत द्यावें. ज्या आजोबांच्या आठवणींचीं दोनशें पानें त्या यंत्रांत टंकलिखित झालेलीं असतात, ते मात्र कांहीं न बोलतां पानाचा डबा पुढें ओढतात.

हा निकाल बहुधा चुकीचा असतो. संगणकाचा प्रोसेसर माणसासारखा शिणत नाहीं. धूळ व उष्णता यांचा उपद्रव नसेल, तर खरेदीच्या दिवशीं तो सेकंदाला जितकी आकडेमोड करीत असे, तितकीच तो आजहि करतो. वाढलेलें असतें तें त्याच्यावरील ओझें. ब्राउझरमध्यें उघडणारें एकेक पान पूर्वींपेक्षां जड झालेलें असतें. कार्यप्रणालींत सुधारणांचे थरावर थर चढलेले असतात. आणि छपाईच्या यंत्राबरोबर आलेला, कोणीं तरी एकदां वापरून सोडून दिलेला, असे अनेक कार्यक्रम प्रत्येक सकाळीं न बोलावतां उठून बसतात.

तेव्हां पहिलें काम नाडीपरीक्षेचें. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यांत प्रोसेसर, स्मृति व डिस्क यांवर किती भार आहे तें शेकड्यांत दिसतें. कोणतेंहि काम चाललेलें नसतांना डिस्कचा आंकडा शंभराच्या आसपास खिळून राहिला असेल, तर दुखणें कोठें आहे तें कळलें. स्मृतीचा आंकडा नव्वदीच्या वर असेल, तर दुखणें निराळें. हें पाहण्यापूर्वींच दुकान गांठून ‘कांहीं तरी बसवून द्या’ म्हणणारा गृहस्थ निदानाआधींच औषध घेत असतो.

जुन्या यंत्रांत डिस्क हीच बहुतेक वेळां दोषी निघते, आणि तिचें कारण समजून घेण्यासारखें आहे. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं फिरत्या चकत्यांचें पहिलें साठवणयंत्र बाजारांत आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें त्यांत मावत. घरगुती संगणकांतील हार्ड डिस्क ही त्याचीच वंशज. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती सुईखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा सुमारें चार सहस्रांश, जातो. सुई योग्य वर्तुळावर नेऊन ठेवण्यास आणखी आठ-दहा सहस्रांश. एकूण हिशेब केला तर विखुरलेल्या ठिकाणांहून सेकंदाला सत्तर-ऐंशी तुकडेच ती उचलूं शकते. कार्यप्रणाली सुरूं होतांना असे हजारों लहान तुकडे मागितले जातात. चहा होईपर्यंत वर्तुळ फिरतें तें यामुळें.

एस. एस. डी. मध्यें फिरणारें असें कांहींच नसतें. जपानांतील तोशिबा कंपनींत फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत शोधलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती चालते. तिला सुई नेण्याचा किंवा फेऱ्याची वाट पाहण्याचा प्रश्नच नाहीं. म्हणून सेकंदाला हजारों तुकडे ती सहज देते. जुन्या संगणकाला साटा पद्धतीची अडीच इंची एस. एस. डी. बसविल्यावर तीन-चार मिनिटांचें सुरूं होणें अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतें, आणि प्रोसेसर तोच असूनहि यंत्र नवें वाटूं लागतें. एकाच गोष्टीवर पैसे खर्चावयाचे असतील तर ते येथें खर्चावे.

स्मृतीची, म्हणजे रॅमची, गोष्ट सोपी आहे. ती टेबलाच्या पृष्ठभागासारखी असते, डिस्क कपाटासारखी. टेबल भरलें कीं संगणक कांहीं कागद कपाटांत ठेवतो व लागतांच पुन्हां काढतो. कपाट मंद असेल तर सगळाच कारभार खोळंबतो. चार गिगाबाइटच्या जागीं आठ केले कीं नित्याच्या कामास पुरतात. मात्र डी.डी.आर. ३ व डी.डी.आर. ४ यांच्या पट्ट्या एकमेकींच्या खांचेंत बसत नाहींत, आणि कार्यप्रणाली ३२ बिटांची असेल तर चार गिगाबाइटपलीकडची स्मृति वायां जाते. खरेदीपूर्वीं दोन्ही गोष्टी पाहाव्या.

साफसफाईला पैसे पडत नाहींत, म्हणून तिची महती जरा अधिकच गायिली जाते. स्टार्टअपच्या यादींतील नको असलेले कार्यक्रम बंद करावे; न लागणारे काढून टाकावे; ‘डिस्क क्लीनअप’नें तात्पुरत्या फायली व जुन्या सुधारणांचे अवशेष झाडावे. डिस्क कांठोकांठ भरलेली असेल तर यानें खरोखर गुण येतो. निम्मी रिकामी असेल तर फारसा नाहीं. फिरत्या डिस्कला डीफ्रॅग उपकारक, एस. एस. डी. ला निरर्थक. ‘रजिस्ट्री’ झाडून देण्याचें आमिष दाखविणारे कार्यक्रम दूरच ठेवावे. मायक्रोसॉफ्ट स्वतः त्यांना पाठिंबा देत नाहीं. पंख्यांत सांठलेली धूळ मात्र अवश्य काढावी, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःला वांचविण्यासाठीं आपली गति आपणच कमी करतो.

आतां धोक्याचें. सुट्टींत आलेला भाचा उत्साहानें सफाईला बसतो, तात्पुरत्या फायलींच्या यादींतील सगळ्या चौकटींवर खुणा करतो आणि बटन दाबतो. त्या यादींत ‘डाउनलोड्स’ हेंहि एक नांव असूं शकतें, आणि नातवाच्या मुंजीचीं छायाचित्रें नेमकीं तेथेंच पडलेलीं असतात. म्हणून बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर सर्व कांहीं उतरवून, तेथून दोन-चार फायली उघडून पाहिल्याखेरीज कशालाहि हात लावूं नये.

मराठी घरांत याहून एक गुप्त धोका असतो, आणि दुकानदाराला तो बहुधा ठाऊक नसतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं श्रीलिपि, शिवाजी अशा टंकांत पुष्कळ मराठी मजकूर लिहिला गेला. त्या पद्धतींत संगणकाच्या दृष्टीनें अक्षरें इंग्रजीच असतात. देवनागरीचा केवळ मुखवटा त्या टंकाच्या फायलीनें चढविलेला असतो. डिस्क पुसून कार्यप्रणाली नव्यानें घातली कीं टंक जातो, आणि आजोबांचीं दोनशें पानें उघडतात तीं इंग्रजी अक्षरांचा व खुणांचा निरर्थक सडा होऊन. मजकूर गेलेला नसतो, पण तो गेला असेंच घरांत सर्वांस वाटतें. कोणी तरी ती फाइल पुसूनहि टाकतो. यासाठीं यंत्र उघडण्यापूर्वीं ‘फॉण्ट्स’ची सबंध पेटी जपून ठेवावी, त्या विशिष्ट टंकासाठीं केलेल्या परिवर्तकानें मजकूर युनिकोडमध्यें आणावा, आणि जोडाक्षरें व रफार डोळ्यांनीं तपासावे. एक छापील प्रतहि काढून ठेवावी.

एवढें केल्यावरहि एक प्रश्न उरतो. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० व बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांचें यंत्र तेथें सहसा पात्र ठरत नाहीं. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात त्याला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नसतील, तर त्याचा वेग हा गौण प्रश्न होय. अशा वेळीं लिनक्सची एखादी हलकी आवृत्ति घालणें हा चांगला मार्ग आहे. तींत ब्राउझर मिळतो, पत्रलेखन होतें, आणि इनस्क्रिप्ट कळफलकानें मराठीहि टंकता येतें. ज्या कामाचा विशिष्ट कार्यक्रम विंडोजवरच चालतो, त्यासाठीं मात्र नवें यंत्र घेण्यावांचून इलाज नाहीं. मदरबोर्डच बिघडला असेल तरहि तसेंच. तेथें डागडुजीवर खर्च करीत राहणें म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणें.

काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच रद्दीवाल्यास देऊं नये. फाइल पुसली तरी तिच्यावरील मजकूर परत मिळवितां येतो, आणि त्यांत घराचे हिशेब व ओळखपत्रांच्या प्रतिमा असतात. तिला स्वस्तांतलें यू.एस.बी.चें आवरण घालावें, त्यावर तारीख लिहावी आणि नव्या डिस्कवर सर्व कांहीं नीट उघडतें अशी खात्री पटेपर्यंत, निदान सहा महिने तरी, कपाटांत कोरड्या जागीं ठेवावी.